कागदाची दिशा ओळखा: कंदिलापासून तिळगुळाच्या डबीपर्यंत

दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे कागदकामाची पत्रं वाढतात. त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. काम बिघडलं की लोक आपल्या हाताला नावं ठेवतात. कागद कुठल्या बाजूनं सहज वळतो, ओला झाला की कुठल्या अंगानं फुगतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून या वेळी मापांइतकाच भर कागदाच्या स्वभावावर दिला आहे.

सोसायटीतल्या मुलांना कामट्यांचा जुना आकाशकंदील करून दाखवायचा आहे. गेल्या वर्षी सांगाडा एका अंगाला कलला, आणि कागद दुसऱ्याच दिवशी सैल पडून फडफडायला लागला. नेमकी मापं सांगाल का? (डोंबिवली)

जरूर. या कंदिलाची रचना इतकी नेटकी आहे की एकदा समजली की विसरत नाही. सहा सारखे चौकोन, बस. त्यांची टोकं एकमेकांना बांधली की मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

बुरुडाकडून साधारण ५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड कामट्या आणा. पेर शक्यतो टोकाला येऊ देऊ नका, बांधताना तिथंच चीर जाते. २२ सेंटिमीटरचे २४ तुकडे करा आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा. खुणेपासून खुणेपर्यंत २० सेंटिमीटर, हेच खरं माप. चार कामट्या खुणांवर एकमेकींवर ठेवून जाड दोऱ्यानं फुलीसारख्या बांधल्या की एक चौकोन झाला. असे सहा करा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, म्हणजे २८ सेंटिमीटरच्या किंचित वर आले पाहिजेत.

आता चार चौकोन टोकावर उभे धरा, पतंगासारखे. शेजारच्याच्या कोपऱ्याला कोपरा बांधत त्यांचं कडं करा. या टप्प्यावर सगळं हातात लोळतं, घाबरू नका. पाचवा चौकोन वरून आडवा ठेवा, त्याचे चार कोपरे वरच्या चार टोकांना बांधा. सहावा तसाच खालून. एकूण बारा गाठी होतात, आणि शेवटची गाठ बसली की तो लोळणारा सांगाडा एकदम ताठ उभा राहतो. तो क्षण मुलांना त्यांच्याच हातात अनुभवू द्या, कारण भूमिती तिथं दिसते: चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहूनही तो तिरपा होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. पुरा झालेला कंदील उंचीला २८ आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर भरतो.

तुमचा कंदील कलला याचं सर्वांत संभवनीय कारण असं. पहिल्या कामटीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं माप घेत गेलं की चूक साठत जाते. एखादा चौकोन अर्ध्या सेंटिमीटरनं मोठा झाला की त्याच्या शेजारचे त्रिकोण जुळत नाहीत. मग आपण दोरा ओढून जबरदस्तीनं गाठ मारतो आणि सगळा सांगाडा पीळ खातो. एकच कामटी नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि चोवीसही तिच्यावरूनच कापा.

कागद पतंगाचाच घ्या. २० बाय ३० इंचांचा, म्हणजे अंदाजे ५० बाय ७५ सेंटिमीटरचा ताव धरला तर एका रंगाच्या तावात २३ सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात. तुम्हाला चारच लागतील, कारण वरचा चौकोन उष्णता जाण्यासाठी आणि खालचा दिवा बदलण्यासाठी उघडा ठेवायचा आहे. दुसऱ्या रंगाच्या तावात २५ सेंटिमीटर बाजूचे त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे मांडा. एका ओळीत पाच बसतात, दोन ओळींत दहा. आठ वापरा, दोन फाटतील म्हणून राखून ठेवा. तिसऱ्या तावाच्या ३ बाय ४० सेंटिमीटरच्या झिरमिळ्या करा आणि खालच्या चार कोपऱ्यांना पाच-पाच लावा.

कागद सैल पडण्याचं उत्तर चिकटवण्याच्या रीतीत आहे. खळ कागदाला लावू नका, कामटीला लावा. कागदाला लावली की तो ओला होऊन फुगतो आणि फुगलेल्या अवस्थेतच चिकटतो. वरून हवा तसा कागद ठेवा, ओढून ताणू नका, कडा कामटीवरून आत वळवा. चार-पाच तास पूर्ण वाळू द्या. मग फवाऱ्याच्या बाटलीनं एका हाताच्या अंतरावरून पाण्याचा अगदी हलका तुषार मारा. ओलसर कागद आधी लोंबल्यासारखा दिसतो आणि वाळता वाळता ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जातो. त्याआधी कागदाच्या एका तुकड्यावर ओलं बोट घासून बघा. बोटाला रंग लागला तर तुषार मारू नका, नाहीतर शेजारचा पिवळा लाल होईल.

आत ७ किंवा ९ वॉटचा एलईडी दिवा पुरे. जुन्या ६० वॉटच्या बल्बची काच चटका बसेल इतकी तापते. दिवा मध्यभागी टांगा, कागदापासून निदान १० सेंटिमीटर दूर. पणती आत ठेवायचा मोह तर पूर्णपणे टाळा.

घरी केलेली खळ एक तर गुठळ्या होते, नाहीतर दोन दिवसांत वास मारते. (सोलापूर)

५० ग्रॅम मैदा, म्हणजे पोह्याच्या चमच्यानं शिगोशीग पाच-सहा चमचे, आणि ३०० मिलिलिटर पाणी. त्यातलं १०० मिलिलिटर थंड पाणी घेऊन मैदा आधी त्यात कालवा, गुठळी राहिली तर गाळून घ्या. उरलेलं पाणी उकळायला ठेवा, मंद आचेवर आणा आणि कालवण बारीक धारेनं ओतत सतत ढवळा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की प्रत्येक कणाचा बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतला कोरडा राहतो. गुठळी म्हणजे हेच. दोन-तीन मिनिटांत पांढरटपणा जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागते, तेव्हा उतरवा. पांढरी असतानाच उतरवलेली खळ चिकटत नाही, वाळल्यावर पापुद्रे सुटतात.

पाव चमचा तुरटीची पूड टाकली तर बुरशी उशिरा धरते. फ्रीजमध्ये झाकून ठेवलेली खळ तीन-चार दिवस चालते, पण डब्यावर ठळक चिठ्ठी लावा. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं हाताळणार असतील तर अजिबात नको. फेव्हिकॉल वाईट नाही, पुठ्ठ्याला तर तोच बरा. पण पतंगाच्या कागदावर त्याचे चकाकणारे डाग दिवा लावल्यावर उठून दिसतात.

वाढदिवसाच्या कार्डाला घडी घातली की घडीवर भेगा पडतात आणि आतला पांढरा कागद दिसतो. महागडं कार्डशीट आणूनही तेच. (पुणे)

तुम्ही तंतूंच्या आडवी घडी घालता आहात. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेनं लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली की तंतू नुसते बाजूला सरतात. आडवी घातली की मोडतात, आणि वरचा रंगीत थर फाटतो.

दिशा ओळखायला वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडलं तर सरळ चीर जाते, आडवं फाडलं तर वेडीवाकडी. कार्डशीट फाडायची गरज नाही. ते न मोडता हलकेच वाकवा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूनं कमी विरोध होतो तिला समांतर घडी हवी. २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वरच्या कागदाला घडीआधी रेघ लागते: पट्टी ठेवून, रिकामी झालेली बॉलपेनची रिफील दाबून एकदाच ओढा. खाली दोन वर्तमानपत्रं असू द्या. रेघेची खोलगट बाजू घडीच्या बाहेर ठेवा, उलट बाजूला आलेला उंचवटा आत गेला पाहिजे. पुष्कळ जण याच्या उलट करतात, जाड कागदात फरक लगेच कळतो.

हातकागदाला ही दिशा फारशी नसते, कारण साच्यात हलवून घेतलेले तंतू चहूबाजूंना पसरतात. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्थेत असा कागद तयार होत आला आहे. लग्नाच्या किंवा साठीच्या कार्डासाठी तो जरूर वापरा. घडीवर थोडा खरखरीत दिसतो, पण भेग पडत नाही.

मी पाचवीत आहे. कार्ड उघडलं की केक उभा राहतो तसं कार्ड केलं, पण बंद केल्यावर केक बाहेर डोकावतो. (कोल्हापूर)

तुझी कल्पना बरोबर आहे, फक्त काप लांब झाला आहे. घडीच्या बाजूनं तू दोन समांतर काप दिलेस ना, ते आत ढकलल्यावर पायरी होते. कार्ड बंद केलं की त्या पायरीची कड घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरावर जाते. काप ५ सेंटिमीटरचा असेल तर कड १० सेंटिमीटरवर. म्हणून काप नेहमी पानाच्या निम्म्याहून कमी ठेव. ए४ कागद एकदा दुमडला की पान १४.८ सेंटिमीटरचं होतं, तेव्हा काप जास्तीत जास्त ७. पायरीच्या वर केक चिकटवणार असशील तर त्याची उंचीही या हिशेबात धर आणि काप ४ सेंटिमीटरचाच घे. सगळ्याला मागून दुसरं कार्ड चिकटव, पण गोंद पायरीच्या मागे लावू नकोस, नाहीतर ती उघडणारच नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळासाठी साठ डब्या करायच्या आहेत. गोंद न वापरता झाकणाची डबी होईल का? (नाशिक)

होते, आणि एका ए४ कागदातून एक भाग निघतो. म्हणजे साठ डब्यांना १२० कागद. साधा झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद पिचकतो, १०० ते १२० चा घ्या. १५० च्या पुढं गेलात तर कोपऱ्यावर थर साठून डबी उघडत राहते.

कागदाचा २१ सेंटिमीटरचा चौकोन करा. दोन्ही कर्णांवर दुमडून मध्य काढा. चारही कोपरे मध्याला आणा. आता समोरासमोरच्या कडा मध्यापर्यंत दुमडून उघडा, मग दुसऱ्या दोन तशाच. दोन समोरासमोरचे कोपरे पूर्ण उघडा, बाकीच्या दोन बाजू उभ्या करा. उघडलेल्या बाजूला घडीच्या तिरप्या रेघा आपोआप आत वळतात, तो पदर वरून आत घेऊन तळाशी दाबा. दुसऱ्या टोकालाही तसंच. डबीचा तळ ७.४ सेंटिमीटर, उंची ३.७. तीन सेंटिमीटरचे चार लाडू नीट बसतात.

झाकण २१ चं आणि तळ २०.५ चा करा. पाच मिलिमीटर कमी केले की तळ पावणेदोन मिलिमीटरनं लहान होतो, तेवढी जागा झाकणाला पुरते. दोन्ही सारखे केले की झाकण बसवताना कोपरे फाटतात. म्हणून आधी एकच जोडी करून बघा. प्रत्येक कागदातून ८.७ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यातून आत घालायची फुली करता येईल. आणि बटर पेपरचा तुकडा तळाशी हवाच. तिळाचं तेल रात्रीतून कागदावर डाग पाडतं.

वडील ७८ वर्षांचे आहेत, हाताला कंप आहे. नातवंडांबरोबर घडीकाम करायची त्यांना फार इच्छा आहे, पण क्रौंच पक्ष्यावर येऊन थांबतात. (मिरज)

क्रौंच सोडून द्या, निदान सध्या. त्याच्या चोचीशी आणि शेपटीशी कागदाचे कितीतरी थर एका बारीक टोकात येतात आणि कंप असलेल्या बोटांना नेमकं तेच जमत नाही. त्यांना सोनोबे घडी शिकवा, म्हणजे सारखे घडीचे तुकडे करून ते गोंदाशिवाय एकमेकांत अडकवायची रीत. तिच्यात टोक काढायचं नसतं. एकच सोपी घडी पुन्हा पुन्हा करायची असते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापासून हात स्वतःहून चालतो. सहा तुकड्यांचा घन होतो, बारांचा टोकदार तारा, तीसांचा मोठा काटेरी गोल. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातून घनाची बाजू ५.३ येते. वडिलांसाठी मात्र २० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

घडी नखानं दाबण्याऐवजी चमच्याच्या पाठीनं दाबू द्या. टेबलावर सुती कापड पसरलं की कागद सरकत नाही. तुकडे आजोबांनी करावेत, जोडणी नातवंडांनी करावी. खाच शोधून टोक सरकवायचं काम लहान बोटांना आवडतं. घरात चार वर्षांच्या आतलं कुणी असेल तर त्याला घडी नको, कात्री नको. रंगीत कागद फाडून चिकटवायला द्या. फाडताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांविरुद्ध चालतात, पुढं कात्री धरायला तीच तयारी लागते.

गणपतीचं मखर थर्मोकोलऐवजी खोक्याच्या पुठ्ठ्याचं केलं. रंगीत कागद लावल्यावर मागची भिंत पुढं वाकली. (ठाणे)

थर्मोकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली आणि तेव्हापासून पुठ्ठ्याकडे वळलेल्या प्रत्येकाला ही भिंत भेटते. कागद खळीनं ओला होऊन फुगतो, तसाच चिकटतो, मग वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही त्याच खळीनं, त्याच दिवशी वर्तमानपत्र चिकटवा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की भिंत सरळ राहते. रात्रभर सपाट जमिनीवर वजनाखाली ठेवा. रंगवणार असाल तरी हाच नियम: मागूनही एक हात द्या.

एक फुटी मूर्तीसाठी आतली उंची ६०, रुंदी ५० आणि खोली ३५ सेंटिमीटर सुटसुटीत होते. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या भिंतीत आणि खांबांत उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या तर वजनानं मोडतात. खांबासाठी ३० बाय ६० चा तुकडा, ७ सेंटिमीटरच्या चार बाजू आणि चिकटवायला २ सेंटिमीटरची पट्टी. वरच्या कमानीसाठी पुठ्ठ्याचा एका बाजूचा सपाट कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोलून काढा. नळ्या उघड्या पडल्या की तो हवा तसा गोल वळतो.

चिकटवण्यापेक्षा खाचांनी जोडलेलं मखर पुढच्या वर्षी उपयोगी पडतं. एका तुकड्याला खालून अर्ध्यापर्यंत खाच, दुसऱ्याला वरून. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच ठेवा, मिलिमीटरभर जास्त झाली तरी डुगडुगतं. समई मखराच्या बाहेर, निदान दीड फूट लांब, आणि तिच्या वर झालर नको.

क्रेप पेपरचे झेंडू केले, पाकळ्या माना टाकतात. (फोंडा)

क्रेपच्या बारीक सुरकुत्या बघा. पाकळीच्या उंचीच्या दिशेनं त्या उभ्या हव्यात. सुरकुत्या पट्टीच्या लांबीत गेल्या की प्रत्येक पाकळी स्वतःच्या वजनानं लांबत जाते. ६ बाय ६० सेंटिमीटरची पट्टी उभ्या सुरकुत्यांची कापा, ४ सेंटिमीटर खोल आणि ३ मिलिमीटर रुंद काप द्या, खालचे २ सेंटिमीटर अखंड ठेवून गुंडाळा आणि तारेनं आवळा. गुंडाळताना ओढू नका, अशी पट्टी लांबीला ताणते आणि नंतर सैल सुटते. एका मोठ्या झेंडूला दोन पट्ट्या, आतली नारिंगी आणि बाहेरची पिवळी, छान दिसते. तुमच्याकडच्या दमट हवेत क्रेपचा रंग भिंतीला लागतो, तेव्हा तोरणामागे साध्या कागदाची पट्टी असू द्या.

थोडक्यात

*जुन्या लग्नपत्रिकांवर खळ का धरत नाही? (नगर)* वरचा सोनेरी किंवा गुळगुळीत थर पाणी आत घेत नाही. चिकटवायच्या जागेवर बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवा आणि फेव्हिकॉल वापरा.

*घोटीव कागद चिकटवताना गुंडाळीच होते. (बीड)* त्याला एकाच बाजूला घोटलेला थर असतो, त्यामुळे पाणी फक्त मागची बाजू पिते आणि फुगते. खळ लावून एक मिनिट थांबा. कागद पुरता ओलावला की आपोआप सपाट होतो, मग उचलून लावा.

*इथं कामट्या मिळत नाहीत आणि ए४ कागदही. (न्यू जर्सी)* कबाबसाठी मिळणाऱ्या १२ इंची बांबूच्या सळया घ्या, २२ सेंटिमीटरवर कापा, टोकदार भाग टाकून द्या. सळया बारीक असतात, म्हणून प्रत्येक गाठीवर गोंदाचा एक थेंब सोडा. तिथल्या लेटर कागदातून २१.६ सेंटिमीटरचा चौकोन निघतो. तिळगुळाची डबी त्यात जरा मोठीच होईल, तळाचा चौकोन २१.१ चा ठेवा.